सभासदांची मोटारसायकल : निवड, निगा आणि हंगामातील रात्रीचा रस्ता



शेतकी खात्याच्या वतीने या पत्रिकेत आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट न जाळता सरीत दाबणे अशा विषयांवर वेळोवेळी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. प्लॉट पाहणीसाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. गोठ्यात बैलजोडी असो वा नसो, ओसरीला मोटारसायकल उभी असतेच. डेअरीला दूध घालायचे, गट ऑफिसला नोंद द्यायची, मोटार चालू करायला रात्री मळ्यात जायचे, घरातल्या आजारी माणसाला जळगावला न्यायचे, ही सारी कामे तिच्यावरच. पण बैलाच्या खांद्याला गाठ आली तर घरातले बारके पोरही सांगते आणि गाडीची चेन शेवटची कधी ताणली हे मालकालाही आठवत नाही. जिच्यावर आपण जीव टाकून बसतो तिच्याकडे इतके दुर्लक्ष बरे नव्हे, म्हणून हा लेख.

थोडे मागचे सांगतो. 1970 नंतरच्या काळात आपल्या भागात ज्या गाड्या आल्या त्या म्हणजे एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा आणि 1973 पासून येझदी, मद्रासची एन्फिल्ड बुलेट, आणि 1972 साली नगरच्या कायनेटिकने काढलेली लुना. बुलेट सोडली तर या साऱ्या टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून टाकायचे. ऑईल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीने बुजतो. त्यामुळे राजदूतवाल्या प्रत्येक माणसाच्या खिशात पाना आणि प्लग घासायला पॉलिश पेपर असायचाच. त्या गाडीने मालकाला जबरदस्तीने निम्मा मिस्त्री केले होते, असे म्हटले तरी चालेल.

1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या भागीदारीतील शंभर सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा, कावासाकी बजाज. त्यांतली 1985 ची हिरो होंडा सीडी-100 ही फोर-स्ट्रोक होती. ऑईल वेगळे, इंजिनाच्या पोटात. पेट्रोल निम्म्याहून कमी लागायचे, धूर नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची त्या गाडीची जाहिरात होती. जाहिरात उत्तम होती, गाडीही उत्तम होती. फक्त आपल्या लोकांनी ‘विसरून जा’ हे शब्द शब्दशः घेतले, आणि पुढे 1994 ला स्प्लेंडर आल्यावर ही सवय पक्की झाली. फोर-स्ट्रोक गाडी तक्रार करत नाही, हळूहळू झिजते. बिघाड कानावर येतो तोवर खर्च हजारांत गेलेला असतो.

आता निवडीबद्दल. नवी गाडी घेतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न एकच येतो : “काय भो, अ‍ॅव्हरेज किती देते?” प्रश्न चुकीचा नाही. रोज 40 किलोमीटर फिरणारा माणूस वर्षाला 14,600 किलोमीटर फिरतो. लिटरला 60 देणारी गाडी त्याला 243 लिटर पेट्रोल पिते आणि 50 देणारी 292 लिटर. फरक 49 लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाकाठी पाच हजारांच्या घरात जाते. पण हेच पाच हजार टायरमधली कमी हवा, घासत राहिलेला ब्रेक आणि धुळीने बुजलेला एअर फिल्टर हे तिघे मिळून सहज खातात. म्हणून अ‍ॅव्हरेजच्या आधी दोन प्रश्न विचारावेत, असे आमचे मत आहे. गाडीवर ओझे काय जाणार, आणि ती कोणत्या रस्त्याने जाणार?

ओझ्याचा हिशेब मांडून पाहा. शंभर सीसीच्या नेहमीच्या गाडीने साधारण 130 किलो वाहावे, या बेताने ती बांधलेली असते. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. नवरा 65 किलो, बायको 55 किलो, झाले 120. त्यावर पुढे टाकीला टेकवून युरियाची 45 किलोची गोणी ठेवली की 165. वर पोरगं. मग मागचे शॉकअप बसले, स्पोक तुटले, रिम वाकली, म्हणून कंपनीच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही. दुधाचे 40 लिटरचे दोन कॅन भरून लावले की नुसत्या दुधाचेच 80 किलो होते. ज्यांचे काम मुख्यतः ओझ्याचे आहे त्यांनी मोपेड प्रकारातली टीव्हीएस एक्सएल पाहावी. दिसायला साधी, पण पुढची जागा मोकळी असल्याने गोणी, फवारणी पंप, बेण्याच्या टिपऱ्या, सगळे तीत बसते. घरातल्या भगिनींनाही ती चालवता येते, ही आणखी जमेची बाजू.

रस्त्याचे म्हणाल तर आपली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने दोनशे पावले गेले की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा गच्च भरतो की चाक फिरत नाही. काडीने टोकरून काढावा लागतो. अशा वेळी गाडीचे वजन किती हा प्रश्न फार मोलाचा ठरतो. स्प्लेंडरसारखी गाडी 112 किलोच्या आसपास भरते. एक माणूस ती ओढून बांधावर घेतो. बुलेट 195 किलोच्या घरात जाते. ती रुतली की शेजारच्या मळ्यात हाक मारावी लागते. बुलेट वाईट नाही. डांबरी रस्त्यावर तिच्यासारखा दमदारपणा दुसऱ्या गाडीत नाही हे आम्हीही मान्य करतो. पण मुलाच्या हट्टासाठी ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्यातून बुलेट घेणाऱ्या सभासदाने ती रोज मळ्यात न्यायची आहे की फक्त लग्नाला, एवढे स्वतःला विचारावे. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या कंपनीची साधी बॉक्सर गाडी आज युगांडात प्रवासी वाहतुकीला सर्रास वापरतात आणि तीवर केळीचे घड लादून नेतात. आपल्या रावेर-यावलच्या माणसाला ते चित्र परके वाटायचे नाही. तिकडचा माणूस गाडी घेतो ती मजबूत कॅरिअर, स्पोकची चाके आणि गावात मिळणारे सुटे भाग पाहून.

स्पोकच्या चाकाबद्दल आमचा कल उघड आहे. अलॉय चाक दिसते छान, त्याला ट्यूबलेस टायर बसतो, पंक्चर झाले तरी हवा हळू उतरते, हे सर्व खरे. पण खड्ड्यात आदळून अलॉयला चीर गेली की चाकच बदलावे लागते. स्पोक तुटला तर गावातला सायकलवालाही बसवतो. विजेच्या गाड्यांचा विचार करणाऱ्यांनी इतकेच पाहावे की घरी चार्जिंग होईल इतकी खात्रीची वीज आहे का आणि रोजची फेरी एका चार्जमध्ये बसते का. जुलै 2024 मध्ये बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली आहे. आपल्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप असेल त्यानेच तिच्याकडे वळावे.

जुनी गाडी घेणारे सभासदही पुष्कळ आहेत. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, मग चालवून बघतो. गाडीचेही तसेच. विकणाऱ्याच्या घरी सांगून न जाता जावे आणि आधी इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर समजावे की थंड गाडीची किक तुम्हाला दाखवायची नाही. चालू केल्यावर निळसर धूर येत असेल तर ऑईल जळते आहे, रिंगांचे काम निघाले. मोठ्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक हाताने डावी-उजवीकडे हलवावे, खडखड आली तर बेअरिंग गेलेले. आणि चॅसी नंबर व इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसी पुस्तकाशी ताडावेत, मोबाईलवरच्या फोटोवर विसंबू नये.

कागदांच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगतो. शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून दिले, पैसे दिले-घेतले, म्हणजे गाडी नावावर झाली असे नव्हे. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओकडे नोंद झाली पाहिजे. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35 आणि ना हरकत दाखला हवा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निकाल दिला आहे की, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या खटल्यातली गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकलेली होती, आणि नाव राहिले होते पहिल्याचेच. तेव्हा गाडी विकणाऱ्याने घेणाऱ्यापेक्षा जास्त घाई करायची असते.

याच ओघात विम्याची एक गोष्ट, जी आम्हाला बहुतेक घरांत चुकलेली दिसते. गाडी आबांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. मालक-चालकासाठी 15 लाखांचे अपघात संरक्षण असते. ते मालक स्वतः चालवत असताना आणि त्याच्याकडे वैध परवाना असतानाच लागू होते. आबांकडे परवाना नाही, आणि अपघात मुलाला झाला, तर त्या 15 लाखांतले काही हाती लागत नाही. म्हणून जो रोज चालवतो त्याच्याच नावावर गाडी घ्यावी. मान-पानाचा प्रश्न करू नये. आरसी पुस्तकावरचे नाव म्हणजे सात-बारा नव्हे, वाटणीत त्याने काही फरक पडत नाही. आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती गिअरची गाडी देणाऱ्या पालकाला 2019 च्या दुरुस्तीनंतर 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. “कॉलेजला बस मिळत नाही” हे कारण कोर्टात चालत नाही.

आता निगा. मेहरूणला तलावाच्या बाजूला आम्ही ज्या मिस्त्रीकडे वर्षानुवर्षे गाडी नेतो, त्याचे एक वाक्य आहे : “साहेब, गाडी बिघडत नाही, गाडी वाळते.” म्हणजे काय ते त्याने एकदा दाखवले. एका शेतकऱ्याच्या गाडीचा एअर फिल्टर काढून त्याने फरशीवर आपटला, तर ओंजळभर काळी माती पडली. पीठ दळून आणल्यासारखी बारीक. इंजिन एक लिटर पेट्रोल जाळायला हजारो लिटर हवा ओढते आणि ती सारी हवा त्या फिल्टरमधून येते. फिल्टर बुजला की हवा कमी, पेट्रोल जास्त, अ‍ॅव्हरेज खाली. फाटला तर त्याहून वाईट. तीच माती सिलिंडरमध्ये जाऊन कानशीसारखी रिंगा घासते. शहरातल्या माणसासाठी पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिलेले असते, ते आपण निम्मे धरावे. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, थेंबभर ऑईल चोळून बसवता येतो. कागदी घडीचा असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. पुष्कळ मंडळी काटकसर म्हणून कागदी फिल्टर धुतात आणि नंतर इंजिन उघडायला पैसे मोजतात.

इंजिनाच्या बाहेरचे पंखही असेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या नुसत्या वाऱ्याने थंड होतात. त्या पंखांमध्ये चिखल सुकून बसला, वर पाचटाचा भुसा आणि कापसाची उडती रूई चिकटली, की इंजिनावर गोधडी पांघरल्यासारखे होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये, बेअरिंगमधले ग्रीस आणि वायरींचे जोड त्याने खराब होतात. बादलीभर पाणी आणि जुना रंगाचा ब्रश पुरे. गाडी थंड झाल्यावर, हे लक्षात ठेवावे.

चेनविषयी जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण घरच्या घरी, फुकट आणि सर्वांत मोठा फरक पाडणारे हेच काम. मोठ्या स्टँडवर गाडी घ्यावी, इंजिन बंद असावे, गिअर न्यूट्रलला. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली दाबावे. साधारण बोटभर, म्हणजे 20 ते 25 मिलिमीटर हलली पाहिजे. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत घट्ट आहे तिथले माप धरावे. फार ढिली चेन चालत्या गाडीत उतरते, आणि मागचे चाक अडकले तर माणूस थेट रस्त्यावर. फार आवळलेली चेन बेअरिंग खाते, आणि मागे गोणी ठेवली की आणखी आवळते. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर दुसऱ्या दिवशी, 90 नंबरचे गिअर ऑईल आतल्या बाजूने लावावे. इंजिनातून काढलेले जळके ऑईल लावण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो चेनच घासतो. आणि एक ताकीद. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडक्याने ऑईल लावू नका. फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोट. अशी बोटे गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

मागे बसणाऱ्या भगिनींच्या पदराचेही इथेच सांगून टाकतो. मागच्या चाकाला जी जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती कॅन लावायला अडचण होते म्हणून काढून टाकतात. ती काढू नये. नियमातही ती सक्तीची आहे. पदर किंवा ओढणी चाकात जायला वेळ लागत नाही आणि गळ्याशी फास बसतो.

ऑईल पाहताना गाडी सपाट जागी, मोठ्या स्टँडवर, बंद करून पाच मिनिटांनी पाहावे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारच्या उन्हात तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते आणि पंपवाला उलट काढून घेतो. पुढच्या चाकाला साधारण 25 पौंड आणि मागच्याला एकट्यासाठी 28 पौंड हे शंभर सीसीच्या गाड्यांचे नेहमीचे माप, दोघे बसत असल्यास मागे त्याहून बरीच जास्त. तो आकडा बहुधा चेनच्या कव्हरावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो.

ब्रेकच्या बाबतीत आपल्या लोकांची एक जुनी समजूत आहे की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो. त्यामुळे पुढची तार वर्षानुवर्षे ढिलीच राहते. खरे तर ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर वजन कमी झालेले मागचे चाक घसरत जाते. 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली, ती याच कारणाने. जुनी गाडी असणाऱ्यांनी दोन्ही ब्रेक सोबत, पुढचा हळूहळू वाढवत दाबण्याची सवय लावून घ्यावी. फक्त ओल्या शेणावर, वाळूवर किंवा वळणात पुढचा ब्रेक एकदम आवळू नये. नाला ओलांडल्यावर दोनदा हलका ब्रेक दाबून लायनर कोरडे करून घ्यावेत.

पेट्रोलचा विषय आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आता त्यात आपला ऊस आहे. जून 2022 मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर 70 लिटरच्या आसपास मिळते. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून केले तर टनामागे साधारण 11 लिटर. रोज 50 किलोमीटर फिरणारा सभासद वर्षाला तीनशे लिटर पेट्रोल जाळतो असे धरले तर त्यात साठ लिटर इथेनॉल झाले. म्हणजे रसाच्या हिशेबाने जवळपास एक टन ऊस त्याच्या टाकीतून जातो. हल्ली मक्यापासूनही पुष्कळ इथेनॉल होते, त्यामुळे प्रत्येक थेंब उसाचाच असे म्हणता येणार नाही.

पण आपला माल आहे म्हणून त्याची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिले आहे की, जुन्या पद्धतीच्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ई-20 मुळे तीन ते चार टक्के घटेल. साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबर व धातूचे भाग या पेट्रोलला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या गाड्यांची पेट्रोलची नळी कडक झाली आहे का, चिरली आहे का हे वर्षातून एकदा पाहावे आणि बदलावी, फार खर्चाचे काम नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि टाकीत पाणी जास्त झाले की पाणी व इथेनॉल मिळून खाली बसतात, वर नुसते पेट्रोल राहते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओली हवा राहत नाही. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून तेवढे पेट्रोल बाटलीत काढून घ्यावे. पंढरपूरहून परत आल्यावर गाडी किक घेत नाही, ही तक्रार मग येणार नाही.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊचा सुमार, आम्ही गटातून मेहरूणला घरी परतत होतो. समोरून एक ट्रक आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो बाजूने गेला आणि पुढच्याच क्षणी समोर उसाची वाढी दिसली. अगदी तोंडासमोर, छातीच्या उंचीवर. ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. दोन्ही ब्रेक दाबले, गाडी आडवी गेली, गुडघा आणि कोपर सोलून निघाले. वाढ्यांची टोके हेल्मेटच्या काचेवर घासली एवढ्यावर निभावले. उठून पाहिले तर ट्रॉली आपल्याच कारखान्याला चाललेली, आणि ऊस आमच्याच गटातला. त्या प्लॉटची तोड आम्हीच लावलेली होती. ड्रायव्हर बिचारा घाबरून म्हणाला, “साहेब, दिवा होता, उसानं वायर तोडली.” तो खोटे बोलत नव्हता. त्या रात्रीनंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तो सभासदांपुढे ठेवतो.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतोच, ते 17 मीटर गेले. त्यानंतर चांगले ब्रेक आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर थांबायला आणखी 28 मीटर. एकूण 45 मीटर. साध्या हॅलोजन बल्बचा डिपर आपल्याला स्पष्ट दाखवतो तीसेक मीटर. म्हणजे काळोखात डिपरवर साठच्या वेगाने जाणारा माणूस, दिवा नसलेली ट्रॉली दिसल्यावर थांबूच शकत नाही. कितीही चांगला चालवणारा असो. ताशी 40 ने तोच हिशेब 11 अधिक 12, म्हणजे 23 मीटर. तेवढ्यात गाडी थांबते. रात्री चाळीसच्या वर जाऊ नये असे आम्ही म्हणतो ते वयामुळे नव्हे, या आकड्यांमुळे. आणि चेन, लायनर, टायर यांतले काही झिजलेले असेल तर 23 चे 30 व्हायला वेळ लागत नाही. हेडलाइटची काच आतून धुळीने पिवळी झाली असेल तर तीस मीटरचे वीसच उरतात.

हेल्मेट आमच्या डोक्यावर होते, आयएसआय छापाचे, पट्टा लावलेले. आरशाला अडकवलेले हेल्मेट पोलिसाला दाखवायला ठीक आहे. दंड हजार रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन, तो एक वाचतो.

पण ट्रॉलीवाल्यांची बाजूही दुरुस्त व्हायला हवी, आणि ती आपल्याच हातात आहे, कारण ट्रॉली-टायरगाड्या आपल्या आणि ऊसही आपलाच. परावर्तक पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळक्याला लावतात. रिकामी ट्रॉली असताना ती झळकते. ऊस भरला की वाढी मागे तीन-चार हात लोंबते आणि पट्टी, दिवा, नंबर सारे त्याखाली झाकले जाते. म्हणजे धोका असतो तेव्हाच ती दिसत नाही. यावर आमच्या गटातल्या काही वाहनमालकांनी एक साधा उपाय केला आहे. दीड हात लांबीची फळी घ्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टी चिकटवायची, आणि भरणी झाल्यावर शेवटच्या मोळीला, वाढ्याच्या टोकाशी, ती दोरीने टांगायची. बैलगाडीवाल्यांना फळी जड होते, त्यांनी रिकाम्या खताच्या गोणीला पट्टी शिवून घ्यावी. गाडी बंद पडली तर चाकामागे लावलेले दगड निघताना रस्त्याच्या बाहेर टाकावेत. ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.

फळीचे वजन उसात धरले जाईल की काय, अशी शंका दोघांनी विचारली. फळी भरल्या वजनाला आणि रिकाम्या वजनाला, दोन्ही वेळा ट्रॉलीतच राहू द्यावी म्हणजे प्रश्न येत नाही. गव्हाणीवर ऊस उतरवताना मात्र ती आधी सोडून घ्यावी, उसाबरोबर कॅरिअरवर जाऊ देऊ नये.